चिल्लर चालेल का?

पुण्यात एखाद्या ब्रोकरला फोन लावून बघा. 'भाड्याने वन बीएचके हवाय' एवढं म्हणायचा अवकाश, तिकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. बॅचलर का फॅमिली? जॉब कुठे? व्हेज का नॉनव्हेज? गाव कुठलं? आडनाव काय? (आडनाव अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं विचारतात. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच असतो, हे आता आपल्या सगळ्यांना माहितीये.) या सगळ्या परीक्षेत पास झालात की तुमचा एकच प्रश्न उरतो. तो विचारायच्या आधी घसा खाकरावा लागतो. "आणि... माझ्याकडे कुत्रा आहे. चालेल ना?"

त्यानंतर फोनवर जी शांतता पसरते, ती ज्यांनी ऐकलीये त्यांच्यासाठी आजचा कॉलम. ज्यांनी नाही ऐकली त्यांनीही वाचायला हरकत नाही. बदली कुणाची कुठे होईल आणि तिथून कोण काय घेऊन परत येईल, काही सांगता येत नाही बॉस!

माझ्या एका मैत्रिणीचंच बघा. मूळची नाशिकची. बँकेची परीक्षा दिली, ऑफिसर झाली आणि पहिलंच पोस्टिंग मिळालं आष्टीला. तिने लगेच मोबाइलवर शोधलं, तर आधी निघाली वर्धा जिल्ह्यातली आष्टी, मग गडचिरोलीतली, मग जालन्यातली. "महाराष्ट्रात आष्ट्या आहेत तरी किती?" असा तिचा वैतागलेला मेसेज मला अजून आठवतो. हिची आष्टी बीड जिल्ह्यातली, नगरच्या बाजूची. नगरचं नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण एसटी स्टँडवर अजून 'नगर, नगर' असाच पुकारा ऐकू येतो. तिथून आष्टीपर्यंतची ६६ किलोमीटरची रेल्वे सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. तोवर आष्टीकरांनी ट्रेन बघायची ती नगरला जाऊन.

आष्टीत घर शोधायला तिला किती वेळ लागला असेल? एक लंच टाइम. ब्रांचमधल्या शिपाईकाकांनी तीन घरं दाखवली, त्यातलं एक ठरलं आणि संध्याकाळी बॅगा आत. अ‍ॅग्रीमेंट नाही, पोलिस व्हेरिफिकेशन नाही, सोसायटी नावाचा प्रकार नाही. खाली घरमालक काका-काकू, वर जिना चढून गेलं की एक खोली, किचन आणि पत्र्याची गॅलरी. अंगणात लिंबाचं झाड, दोन म्हशी आणि एक कुत्री. काकूंनी प्रश्न विचारला तो एकच, "मॅडम, पानी किती लागतंय तुम्हाला?" आष्टी तालुका म्हणजे पाऊस रुसायचाच भाग. उन्हाळ्यात बोअर आटला की टँकर विकत घ्यावा लागतो. तिथे भाडेकरूचं आडनाव नंतर, आंघोळीच्या बादल्या आधी.

त्याच कुत्रीने दिवाळीनंतर जिन्याखाली पाच पिल्लं घातली. त्यातलं सगळ्यात किरकोळ पिल्लू रोज एकेक पायरी चढत वर यायला लागलं. बँकवालीच ती, तिने नाव ठेवलं चिल्लर.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे शहरात 'डॉग अलाउड आहे का?' असा प्रश्न असतो. आष्टीत तो प्रश्नच कुणाला कळला नसता. कुत्रं दारात असतंच. त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी पडते, ते रात्री परक्या माणसावर भुंकतं, हिशेब फिट्टंफाट. काकूंना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. थंडीत चिल्लर खोलीच्या आत, गोधडीवर झोपते हे त्यांनी पाहिलं. "मॅडम, कुत्रं दारात आसतंय. घरात कामून घेता?" यावर महिनाभर वाटाघाटी चालल्या. शेवटी तोडगा निघाला : किचनमध्ये नाही, देवासमोर नाही, बाकी तुमची खोली, तुमचं बघा.

बीडच्या माणसाला कुत्रं बरोबर घेऊन बिऱ्हाड हलवायचं काही नवल नाही, हेही खरं. दसरा-दिवाळी झाली की या भागातल्या गावागावांतून माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात ती पार पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकपर्यंत. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या, पोरंबाळं, भांडीकुंडी. गाडीखाली चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय, असं आपण येताजाता म्हणतो. पण ती म्हण कुणीतरी खरंच गाडीखाली कुत्रं चालताना बघून केलीये ना! कारखान्याजवळच्या कोपीत सहा महिने राहणाऱ्याला 'कुत्रं चालेल का' असं विचारावं लागत नाही. (त्या कोपीत पाणी, संडास, पोरांची शाळा यातलंही काही विचारायची सोय नसते, तेव्हा उगाच रोमँटिक व्हायला नको.)

मैत्रिणीची तीन वर्षं झाली आणि बदलीची ऑर्डर आली. पुणे. ऑफिसात पेढे वाटले. रात्री मात्र तिचा मला फोन, "चिल्लरचं काय करू?"

मी तिला सरळ सांगितलं, की राहू दे तिथेच. काका-काकू आहेत, अंगण आहे, तिची आई आहे. आणि मला अजूनही वाटतं की हा सल्ला काही राक्षसी नव्हता. प्रत्येक कुत्र्याला टू व्हीलरच्या हॉर्नमध्ये आणि चौथ्या मजल्यावर आणलंच पाहिजे असं नाही. तिने तसं करूनही पाहिलं. स्वतः पुण्यात एका पीजीत राहायला आली (तिथे माणसांनाच नियम दीड पान) आणि चिल्लर आष्टीत राहिली. काकूंचा फोन यायचा : भाकरीला तोंड लावत नाही, दिवसभर वरच्या पायरीवर बसून असते, खालच्या कुत्र्यांत मिसळत नाही. तीन वर्षं गोधडीवर झोपलेलं कुत्रं पुन्हा दारातलं कुत्रं होईना. मग दर रविवारी हिची पुणे-नगर-आष्टी वारी सुरू. जाऊन-येऊन अख्खा दिवस एसटीत. असे सहा रविवार.

जनावर सोडून देणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, हे किती जणांना माहितीये? प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे. उपाशी-तहानलेलं राहील अशा परिस्थितीत पाळलेलं जनावर विनाकारण टाकून देणं त्यात बसतं. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड? दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून जास्त काळ झाला, आकडा तोच. म्हणजे चिल्लरला सोडून दिलं असतं तरी दंड चिल्लरच!

तर त्या सहा आठवड्यांत पुण्यात घरशोध चालू होता. कोथरूड, सिंहगड रोड, वारजे, धायरी. वीसेक घरं तिने फोनवरच गमावली. काही संवाद मी स्वतः स्पीकरवर ऐकलेत.

"ब्रीड कुठलं आहे मॅडम?"

"आष्टी."

"हस्की? अहो, त्याला एसी लागतो."

"हस्की नाही हो, आष्टी. आष्टीची गावठी कुत्री आहे."

"गावठी? मग अवघड आहे. लॅब असता तर मालक तयार झाले असते."

चिल्लरचं वजन चौदा किलो. लॅब्रेडॉर सहज तिच्या दुप्पट भरतो, अंगभर केस गाळतो, सोफा खातो. पण लॅब म्हणजे स्टेटस आणि गावठी म्हणजे रस्त्यावरचं, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की देशी कुत्र्यांचं कौतुक ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये केलं तरी ब्रोकरच्या यादीत काही फरक पडलेला नाही. एका मालकाने तर तिला 'धोकादायक' तेवीस जातींची यादी व्हॉट्सअ‍ॅप केली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर वगैरे जातींवर बंदी घालायला सांगितलं होतं, ती ही यादी. ते पत्र पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने रद्द केलं. गंमत म्हणजे यादीत गावठी कुत्र्याचं नाव कुठेच नव्हतं. हे तिने मालकाला कळवलं. ब्लू टिक आली, उत्तर नाही.

दुसऱ्या एका घरात ती प्रत्यक्ष बघायला गेली. प्रशस्त हॉल, स्वच्छ, आणि दारासमोरच्या भिंतीवर भलीमोठी दत्ताची तसबीर. पायाशी चार कुत्री. मालकीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे देवाचं आहे, त्यामुळे कुत्रं काही आम्हाला चालायचं नाही." मैत्रीण तीन वर्षं आष्टी तालुक्यात काढून आलेली. तिथे सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, गुरूदत्त घराघरात. तिने तसबिरीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि नमस्कार करून खाली उतरली. मी असते तर बोलले असते.

आणि बऱ्याच ठिकाणी 'कुत्रं नको' हे निमित्त असतं असा माझा संशय आहे. एकटी मुलगी नको, रात्री उशिरा येणारी नको, अमुक आडनावाची नको, हे तोंडावर म्हणायला जरा तरी जीभ अडखळते. कुत्र्याला नाही म्हणताना कुणाचीच अडखळत नाही.

आता जरा कामाचं. ब्रोकर नाही म्हणतो तेव्हा नव्वद टक्के वेळा वाक्य एकच असतं, "मालकाची हरकत नाही हो, सोसायटी अलाउड करत नाही." हे ऐकलं की आपण गप्प फोन ठेवतो. इथेच आपला फंडा चुकतो. सोसायटीचा नकार आणि मालकाचा नकार या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडिया या सरकारी मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत एकदम क्लिअर आहेत. बहुमताने ठराव केला तरी बंदी नाही. कुत्रा लहान का मोठा हा भेद नाही. लिफ्ट वापरू न देणं नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे नाहीत. भुंकतो म्हणून घराबाहेर काढा, हेही नाही. बागेत न्यायच्या वेळा मात्र सोसायटी ठरवू शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये केरळ हायकोर्टाने तर एक पाऊल पुढे जाऊन सांगितलं की पाळीव प्राण्यांवर बंदी घालणारी कलमं रहिवासी संघटनांच्या नियमांत असतील तर ती बेकायदा आणि घटनाबाह्य आहेत. निकाल केरळचा आहे, महाराष्ट्रातल्या कोर्टावर तो जसाच्या तसा बंधनकारक नाही. पण सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलावर ठेवायला वजनदार कागद आहे.

भाडेकरूंच्या बाबतीत तर सोसायटीचा हात आणखी आखडता आहे. आपल्याकडच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची आगाऊ परवानगी लागतच नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, बस. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. तुमचा मालक जास्त भरत असेल तर त्याला हे सांगा, तुमच्याबद्दलचं मत सुधारेल.

मालकाचं मात्र तसं नाही. घर त्याचं. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे त्याने तुम्हाला अकरा महिने वापरायला दिलेली परवानगी. त्यात तो 'पाळीव प्राणी नको' ही अट घालू शकतो, आणि तुम्ही सही केलीत की तुम्हाला ती बोर्डाच्या सूचना दाखवून पुसता येत नाही. कुत्रं लपवून राहणारे महाभाग मला माहिती आहेत. पाहुण्याचं आहे, आठवड्यासाठी आलंय, असं सांगत सांगत पाच महिने काढतात आणि मग एका संध्याकाळी महिन्याची नोटीस हातात पडते. मग तीस दिवसांत पुन्हा पहिल्यापासून, 'आणि... माझ्याकडे कुत्रा आहे'. बरीच कुत्री रस्त्यावर येतात ती अशा तीस दिवसांत.

मालकाच्या बाजूनेही बोलायला हवं. ज्या काकांनी आयुष्यभराच्या पगारातून वन बीएचके घेतलाय, त्यांना दाराच्या चौकटी कुरतडलेल्या आणि बेडरूममध्ये लघवीचा वास नको असतो. शेजाऱ्यांचंही बरोबर असतं. सकाळी नऊला कुलूप लावून रात्री आठला येणारे आपण, दिवसभर कुत्रं आत एकटं रडतं आणि ते ऐकायचं कुणी? समोरच्या आजींनी! जिन्यात केलेलं तसंच सोडून जाणारे 'पेट पेरेंट्स' माझ्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये दोन आहेत. त्यांच्यामुळे पुढच्या दहा जणांना घर मिळत नाही. कुत्र्याला बाळ म्हणायचं तर बाळाचं धुवायलाही लागतं की.

चिल्लरला घर मिळालं ते सातव्या आठवड्यात, धायरीत. तिथेही ब्रोकरने 'सोसायटी' हाच पत्ता टाकला होता. या वेळी मैत्रीण सरळ सोसायटीच्या ऑफिसात गेली. चेअरमन म्हणाले, "आमच्याकडे सात कुत्री आहेत. कोण म्हणालं नाही चालत?" म्हणजे ब्रोकरने विचारलंच नव्हतं. त्याला सोपं गिऱ्हाईक हवं होतं, दोन फोनचं काम चार फोनवर गेलेलं परवडत नाही त्याला. एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज घेतो, ते कशाचं, हा वेगळ्या कॉलमचा विषय.

मग मालकांशी भेट. रिटायर्ड गृहस्थ, स्वभावाने तिरसट नाहीत पण घाबरलेले. तिने फाइलच नेली होती. रेबीजच्या लशीचं कार्ड, नसबंदीचा दाखला, चिल्लरचा फोटो, बँकेचं आयकार्ड. काका फाइल उलटत म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण कुत्रं कसं आहे ते मला कोण सांगणार?" तेव्हा तिने आष्टीला फोन लावला आणि काकांच्या हातात दिला. मागच्या घरमालकाचा रेफरन्स! पलीकडून काकू इतक्या मोठ्याने बोलत होत्या की स्पीकर लावायची गरज पडली नाही. "पोरगी सोन्यासारखी हाय. अन् कुत्रं म्हनाल तर तीन वर्सांत कुनाच्या पायाला त्वांड लावलं न्हाई. येकच खोड हाय, घरात झोपतंय." काका हसले. तिथे व्यवहार जमला.

पण खरं काम त्यानंतरचं, आणि बहुतेक जण ते विसरतात. तोंडी 'चालेल' वर विसंबू नका. मालकांचा मुलगा परदेशातून येतो, सुनेला अ‍ॅलर्जी असते, आणि 'चालेल'चं 'मी असं कधी म्हणालो' होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. आता ते घरबसल्या ऑनलाइन होतं. जो एजंट ते करून देतो त्याच्याकडे करार तयार असतो, छापील, वर्षानुवर्षं तोच. त्यात कुठेतरी प्राण्यांना मनाई असलेलं एक वाक्य निवांत झोपलेलं असतं. ते आधी काढायला लावा आणि त्या जागी साधं वाक्य घाला. मैत्रिणीने घातलेलं साधारण असं : भाडेकरूसोबत एक कुत्री राहील, तिचं लसीकरण आणि महापालिकेचा परवाना भाडेकरू चालू ठेवील, तिच्यामुळे घराचं नुकसान झालं तर दुरुस्तीचा खर्च डिपॉझिटमधून वळता होईल, केवळ कुत्री आहे या कारणावरून मुदतीआधी करार संपवला जाणार नाही. एजंट म्हणाला, "मॅडम, असं कुणी लिहीत नाही." ती म्हणाली, "आता लिहितंय."

शेवटच्या वाक्यावर काका जरा अडले. मग डिपॉझिट एक महिन्याने वाढवून आणि घर सोडताना रंग लावून द्यायचं कबूल करून ते वाक्य राहिलं. महाग पडलं का? पडलं. सहा रविवारांचं एसटीचं तिकीट आणि गेलेली झोप मोजली तर मला तरी नाही वाटत.

महापालिकेच्या परवान्याचं आळस करू नका, कुत्रा गावठी असला तरी तो लागतोच. रेबीजचं सर्टिफिकेट जोडायचं आणि दर वर्षी रिन्यू करायचा. भांडण झालं की पहिला कागद हाच मागतात.

चिल्लर एका भाड्याच्या गाडीतून पुण्याला आली, नगरपर्यंत खिडकीतून बघत आणि पुढे मैत्रिणीच्या मांडीवर उलट्या करत. पहिले चार दिवस लिफ्टला घाबरली, आता लिफ्ट आली की सगळ्यात आधी तीच आत शिरते. दुपारी समोरच्या आजी तासभर आपल्याकडे नेऊन बसवतात, त्याचे पैसे घेत नाहीत, ढोकळा मात्र तिला खायला घालतात आणि त्यावरून वाद चालू आहेत. करार संपायला अजून सात महिने आहेत. रिन्यूअलला भाडं वाढणार, त्याची तयारी तिने ठेवलीये.

तिच्या खालचा फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा होतोय म्हणे. वन बीएचके, ईस्ट फेसिंग, मालक वेगळे आहेत. कुत्रं चालेल का ते ब्रोकरला विचारलं नाहीये, थेट मालकांनाच विचारून सांगते.